शवपेटीवरून दिलेली पोर

१२ मार्च १९९७, बुधवार

सव्हाना गावात पोचलो. हे पहिलं वाक्य व्हर्लीनला ठळक लिहायला सांगितलंय. मेकनच्या आमच्या चर्चमधल्या बायका अजून म्हणत असतील की ही ओझेला काही या जन्मी गावाची वेस ओलांडत नाही. बसा म्हणावं आता तोंडं बघत. चौऱ्याऐंशी वर्षांची झाले, समुद्रापासून तीन तासांवर जन्म काढला, पण समुद्र बघितला नाही. आधी कापूस वेचायचा होता, मग दुसऱ्यांची पोरं खेळवायची होती, मग स्वतःची झाली, आणि सगळी मोठी होऊन मोकळी झाले तेव्हा गुडघे गेले.

वहीची कल्पना व्हर्लीनची. ही माझ्या लेकीची लेक, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. मला अक्षर येत नाही, कधीच आलं नाही. मी बोलते, ती लिहिते, आणि जेवण झालं की वाचून दाखवते. माझंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की मी बरीच शहाणी वाटते.

तिसरी आमच्यातली जोसी. सात महिन्यांची. व्हर्लीनच्या लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर आली. तोवर डॉक्टर झाले, नवस झाले, आणि तिचा नवरा ट्रक घेऊन देशभर फिरत असतो म्हणून लोकांच्या टोमण्यांना काय उत्तर द्यायचं तेही पाठ झालं. पोर गोलमटोल आहे, एक दात आहे, आणि अनोळखी माणसाकडे जायचं म्हटलं की भोंगा लावते. मी म्हणते गुण पणजीचे, माणसं पारखून घेते.

बेत चार दिवसांचा. तो करण्यातच महिना गेला. गुरुवारी गावातले जुने चौक आणि ओकची झाडं, शुक्रवारी घोडागाडी आणि नदीकाठ, शनिवारी टायबी बेटावर समुद्र, रविवारी घरी. व्हर्लीननं तीन याद्या केल्या. मी एकच गोष्ट मागितली, पाय खाऱ्या पाण्यात बुडाले पाहिजेत.

उतरलोय मिस अल्थिया राउंडट्री नावाच्या बाईंकडे. विधवा, साठीच्या, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. घर उंच, अरुंद, पुढच्या पडवीचं छत आकाशी निळं. इकडे तशी रीतच आहे. भुताला निळा रंग म्हणजे पाणी वाटतं आणि ते ओलांडून घरात येत नाही म्हणे. मी म्हटलं, मेल्यावर माणसाची एवढीही अक्कल उरत नसेल तर मला मेलेलं परवडणार नाही.

दारावर काळी फीत होती. मिस अल्थियांची सासू, मदर लिओना, गेल्या शुक्रवारी वारली, माती उद्या. आम्हाला कळवायचं राहूनच गेलं म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, तुमच्यावर प्रसंग, आम्ही दुसरीकडे बघतो. तर त्यांनी माझा हात असा धरला की सोडवेना. जाऊ नका म्हणाल्या, घर खायला उठतंय. एवढं बोलल्या आणि आमच्या पिशव्या उचलायच्या आधी जोसीला उचललं.

जोसी रडली नाही. मी व्हर्लीनला म्हटलं, बघ, तुझी पोर माझ्याहून लवकर रुळली.

रात्रीच्या जेवणाला लाल भात आणि कोळंबी. मी तीनदा घेतली. समुद्र अजून दिसला नसला तरी पोटात पोचला.

१३ मार्च, गुरुवार

चौक राहिले, मातीला गेलो. घरात मयत असताना पाहुण्यानं फिरायला बाहेर पडायचं आणि घोड्यामागून हात हलवत यायचं, हे माझ्या आईनं मला शिकवलं नव्हतं. व्हर्लीनचं तोंड उतरलं होतं. मी म्हटलं, अगं, मेलेल्या माणसाचा मान ठेवला की जेवण चांगलं मिळतं.

मदर लिओना एक्याण्णव वर्षांच्या होत्या. पेटीत बघितलं. बारीक बाई, ओठ असे आवळलेले की अजून कुणाचं तरी काहीतरी चुकतंय. पांढरे हातमोजे. अंगाला कापराचा आणि तपकिरीचा वास. शेजारच्या मिस यूलाली सिंगल्टन म्हणून आहेत, त्यांचं वय माझ्याच आसपास. त्या कानात म्हणाल्या, हिनं सुनेला अडतीस वर्षं एक दिवस सुखानं खाऊ दिलं नाही. मूल झालं नाही ना. भर पंगतीत म्हणायची, हिच्या हातचा मक्याचा पाव फुगत नाही तर पोट कुठून फुगायचं. नवरा वारला तरी ती जिवंत होती, आणि सून तिचं अंग पुसत होती.

कबरीपाशी, पेटी खाली सोडायच्या आधी, घरातलं सगळ्यात लहान मूल पेटीवरून पार करायची रीत आहे. आमच्याकडेही जुन्या माणसांत होती, मी लहान असताना मला माझ्या काकावरून दिलं होतं. या हातातून त्या हातात. असं केलं की मेलेलं माणूस त्या मुलाच्या ओढीनं माघारी येत नाही. आता या घरात मूल नाही. सगळे नुसते उभे. पाद्री खोकले. आणि मिस अल्थिया माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, तुमची जोसी द्याल का, घडीभर? सासू अशीच गेली तर माझ्या मानगुटीवर बसेल, मिस ओझेला. मला झोप नाही हो.

व्हर्लीननं माझ्याकडे बघितलं. तिला नको होतं, ते मला दिसलं. पण पन्नास माणसं बघत होती आणि समोरची बाई हात जोडायची बाकी होती. मी म्हटलं, त्यात काय, पुण्यच लागेल पोरीला. जोसीला व्हर्लीनच्या कडेवरून मीच घेतलं. पेटीच्या या बाजूला मी, त्या बाजूला मिस अल्थिया. दिली. त्यांनी घेतली. घेऊन पेटीकडे वाकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, घ्या मदर, बघा, ही आपली.

मला वाटलं, रीत म्हणून बोलल्या असतील.

जेवण खरंच चांगलं होतं. तळलेला मासा, हिरव्या पाल्याची भाजी, केळ्याचं गोड. मी दोन ताटं खाल्ली. व्हर्लीन म्हणाली, आजी, तू शोकसभेला आलीयस की लग्नाला. मी म्हटलं, या वयात दोन्हीकडे सारखंच जेवायचं असतं.

१४ मार्च, शुक्रवार

मिस अल्थिया आज सकाळी दहापर्यंत झोपल्या होत्या. उठून आल्या तर चेहरा असा की पाच वर्षं धुऊन निघाली. गाणं गुणगुणत होत्या. बरं वाटलं मला.

घोडागाडीत बसलो. घोड्याचं नाव सेनापती, पण चाल कारकुनाची. चौकामागून चौक, ओकच्या फांद्यांवरून राखाडी शेवाळ लोंबतं, जागोजाग गुलाबी फुलांची झुडपं पेटलेली. गाव मोठं देखणं. नदीकडून कागदाच्या गिरणीचा वास येतो तेवढा सोडला तर. सोमवारची संत पॅट्रिकची मिरवणूक जवळ आली म्हणून दुकानादुकानात हिरवं. व्हर्लीननं जोसीला हिरवी टोपी घेतली. जोसीनं ती पाचदा फेकली.

दुपारी व्हर्लीन आंघोळीला गेली. मी पोरीला दिवाणखान्यात दुलईवर ठेवून खिडकीपाशी पेंगत बसले होते. हसण्यानं जागी झाले. समोर मदर लिओनाची झुलती खुर्ची आहे. तिच्याकडे तोंड करून जोसी खदखदून हसत होती, दोन्ही हात वर करून, उचलून घे म्हणताना करते तसे. खुर्ची रिकामी होती. हलत नव्हती. खिडकी उघडी होती, पण वारा नव्हता.

पोरं हसतात. मी किती पोरं वाढवली, भिंतीकडे बघून हसतात.

मग जवळ गेले तर तिच्या केसांच्या बारीक बारीक बटा पाडून प्रत्येकीला काळा दोरा गुंडाळलेला. मुळापासून टोकापर्यंत, घट्ट, सुबक. माझी आई माझे असे बांधायची. आता कुणी बांधत नाही, आताच्या मुलींना येतही नाही. मला वाटलं मिस अल्थियांनी हौस केली. त्या स्वयंपाकघरात होत्या. मी म्हटलं, हात चांगला आहे हो तुमचा. त्यांनी बघितलं. हातातली बशी खाली ठेवली. म्हणाल्या, मी नाही. मला वाटलं तुम्हीच.

दोरे सोडवायला मला अर्धा तास लागला. बोटांना कापराचा वास येत राहिला. व्हर्लीनला तेव्हा सांगितलं नाही. आता सांगतेय तर ती लिहिता लिहिता थांबलीये. लिही गं. केसच आहेत.

१५ मार्च, शनिवार

समुद्र बघितला नाही.

नीट सांगते. सकाळी नऊला निघालो. व्हर्लीननं डबा भरला, मी नवी चप्पल घातली. मिस अल्थिया पडवीत उभ्या होत्या. म्हणाल्या, ऊन लागेल पोरीला, तिला ठेवून जा ना, मी बघते. व्हर्लीन म्हणाली नको, तिलाही समुद्र दाखवायचाय. तर मिस अल्थिया म्हणाल्या, बघा बाई, आणि आत गेल्या. हसल्या नाहीत.

टायबीचा रस्ता दलदलीतून जातो. दोन्हीकडे गवत आणि मधून पाणी. गाव संपून पहिला पूल आला. मी पुढे बसले होते, खाऱ्या वासानं मी लहान पोरीसारखी खिडकीबाहेर डोकं काढलेलं. मागं जोसी तिच्या खुर्चीत बडबडत होती. पुलाच्या मध्यावर बडबड थांबली.

मी वळून बघितलं. मान एका बाजूला पडलेली. ओठ राखेच्या रंगाचे. हात लावला तर गार. झोपेतलं गार नव्हे गं. मी जन्मात पुष्कळ मेलेली माणसं धुतलीयत, मला ते गार माहितीये.

व्हर्लीननं गाडी कशी वळवली तिलाच माहीत. मी मागच्या सीटवर कशी गेले तेही मला माहीत नाही, या गुडघ्यांनी. तोंडात फुंकर घालत होते, नाव घेत होते. पुलाचं गावाकडचं टोक आलं आणि पोरीनं एक मोठा श्वास घेतला, पाण्यातून वर आल्यासारखा. गालावर रंग आला. मग तिनं जांभई दिली.

दवाखान्यात तीन तास. डॉक्टरांनी छाती बघितली, रक्त बघितलं, तारा लावल्या. म्हणाले पोर ठणठणीत आहे. पाणी मलाच पाजलं.

तडक मेकनला निघू म्हणून व्हर्लीननं दुसरा रस्ता धरला, मोठा, पश्चिमेचा. गावाची हद्द सांगणारी पाटी आली. मला वाचता येत नाही, पण पोर माझ्या मांडीवर होती. मी पाटीकडे बघितलंच नाही. पोरीचे पाय गार पडायला लागले. मी ओरडले, थांब.

तीन रस्ते करून बघितले. तिन्हीकडे तेच.

परत आलो तेव्हा मिस अल्थियांनी दार आधीच उघडं ठेवलं होतं. टेबलावर जेवण मांडलेलं. चार ताटं. आम्ही मोठ्या तिघीच.

१६ मार्च, रविवार

चर्चहून येताना मिस यूलालींना कुंपणापाशी गाठलं. सगळं सांगितलं. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा हात कुंपणाच्या दांड्यावर घट्ट होत गेला.

म्हणाल्या, रीत आहे ती आपल्या रक्ताच्या पोरासाठी. पेटीवरून पार केलं की मेलेल्याला सांगतो, हे तुझंच, पण आता इकडचं राहू दे. परक्याचं मूल कुणी पार करतं का? त्या बाईला काय कळलं असेल सांगा. जिवंतपणी नातवंडासाठी झुरली. मेल्यावर सुनेनं हातावर घेऊन दाखवलं, ही आपली. ती कशाला जाईल आता? घरी आली असेल ती, पोर सांभाळायला.

मी म्हटलं, मग तुम्ही तिथे होतात, बोलला का नाहीत. त्या म्हणाल्या, मला वाटलं तुम्ही नात्यातल्या. तुम्ही इतक्या सहज दिलीत.

इतक्या सहज. ते शब्द लिही.

मिस अल्थियांना विचारलं. स्वयंपाकघरात, कणीक मळत होत्या. नाकारलं नाही. मळत राहिल्या. म्हणाल्या, ती मेल्यापासून दिवसाढवळ्या जिन्यावर उभी असायची. काही बोलायची नाही. माझ्या पोटाकडे बघायची. मेल्यावरसुद्धा, मिस ओझेला. पोर पार केली तेव्हापासून माझ्याकडे तिनं ढुंकून बघितलेलं नाही. परवा पहिल्यांदा झोपले मी. तुम्हाला एक पोर गेली तर दुसरी होईल. मला अडतीस वर्षं परत मिळणार आहेत का?

व्हर्लीन त्यांच्या अंगावर धावली. मी मध्ये पडले. पडायला नको होतं.

माघारी घ्यायची कशी, हे मिस यूलालींनी सांगितलं. कबरीवर जाऊन उपयोग नाही, ती तिथे नाहीच. जिथे तिनं शेवटचा श्वास सोडला त्या पलंगावरून, सूर्य डोक्यावर असताना, पोर उलट्या दिशेनं पार करायची. देणारा हात या घरचा पाहिजे, घेणारा आईचा. आणि देणाऱ्यानं तोंड फिरवायचं. आपण कुणाचं काय काढून घेतोय ते बघायचं नाही.

घरचा हात एकच, मिस अल्थियांचा. उद्या दुपारी, असं कबूल करून घेतलं. मी, व्हर्लीन आणि मिस यूलाली, तिघी समोर बसलो आणि हो म्हणेपर्यंत उठू दिलं नाही. हो म्हणाल्या.

१७ मार्च, सोमवार

मिस अल्थिया गेल्या. सकाळी कपाट उघडं, कपडे नाहीत, गाडी नाही. बहीण फ्लोरिडात आहे म्हणे. किल्ली टेबलावर ठेवून गेल्या.

बाहेर मिरवणूक. ढोल, तुताऱ्या, हिरवे कागद उडतायत, लोक हसतायत. आमच्या खिडकीखालून एक माणूस हिरवी दाढी लावून गेला, जोसीला हात केला. जोसीनं बघितलं नाही. ती खुर्चीकडे बघते.

व्हर्लीनकडे जात नाही आता. काल रात्रीपासून दूध घेत नाही. तरी तोंडाला दुधाची साय लागलेली असते. भूक नाही. रडत नाही. व्हर्लीननं उचललं तर अंग ताठ करते. आणि जड झालीये. काल मी एका हातावर घेत होते, आज दोघींना उचलावी लागते. कुणीतरी पाय धरून ठेवल्यासारखी.

व्हर्लीनच्या नवऱ्याला निरोप ठेवला. तो दोन राज्यं पलीकडे आहे. येऊन तरी काय करणार. त्याचा हातही या घरचा नाही.

मिस यूलालींना विचारलं, घरचा होता येतं का. त्या म्हणाल्या, येतं. लिओनाच्या ताटात जेवायचं, तिचा एप्रन बांधायचा, तिच्या खुर्चीत बसायचं. घरानं ओळखलं की झालं. पण मिस ओझेला, घर एकदा ओळखायला लागलं की सोडत नाही. तुम्हाला पूल ओलांडता यायचा नाही.

मी म्हटलं, मला काय घाई आहे. मेकनमधल्या बायकांचं तोंड परत बघायचं नाही, हा फायदाच.

व्हर्लीन रडली. मी हसले. कुणीतरी हसायला पाहिजे.

एप्रन बांधला. खिशात तपकिरीची डबी. मक्याचा पाव भाजला, तिच्या तव्यावर, तिच्या ताटात घेतला. मग खुर्चीत बसले. बसायची जागा ऊबदार होती.

कुणीतरी नुकतंच उठल्यासारखी.

१७ मार्च, संध्याकाळ

मीठ लागत होतं. उठले, वरच्या फळीवर डब्यांच्या मागं हात घातला, बरणी हातात आली. मी ती कधी बघितली नव्हती. या घरात मी मीठ कधी शोधलंच नाही.

जिन्याची तिसरी पायरी वाजते. मला माहिती आहे. मी तिच्यावर पाय देत नाही. कधीपासून देत नाही?

व्हर्लीन ताटं घासत होती. माझ्या तोंडून निघालं — तुझ्या हातचा पाव फुगत नाही — मी तोंडावर हात ठेवला. व्हर्लीन बघत राहिली. मी म्हटलं नाही ते. माझं बोलणं नाही ते. तरी लिही, म्हणजे उद्या मला आठवेल की ते माझं नव्हतं.

जोसी आता माझ्याकडे बघून हात वर करते. उचलून घे.

तिला मी कोण वाटते —

१८ मार्च, मंगळवार

उठले तर हातात पांढरे हातमोजे. घातलेले. तिचे पेटीत गेले होते ते. काढून चुलीत टाकले.

आरशात बघायचं नाही ठरवलंय.

व्हर्लीन दोनदा म्हणाली, आजी, तू अशी बसू नकोस, ओठ आवळून. मी म्हटलं, गुडघे दुखतायत.

खोटं बोलले. गुडघे दुखत नाहीत. काल संध्याकाळपासून अजिबात —

समुद्राचं एक सांगायचं राहिलं. पुलावरून एक पट्टी दिसली होती. गवताच्या पलीकडे. चकाकणारी. ती माझी मी बघितली. ती तिची नाही.

१८ मार्च, दुपार

सूर्य डोक्यावर आलाय. मिस यूलालींची गाडी दाराशी चालू आहे. पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला मी, दाराकडच्या बाजूला व्हर्लीन. पोर माझ्या हातात. आज हलकी आहे. का हलकी आहे, ते विचारत बसायचं नाही.

लिही, पोरी. लिहिताना तुझे हात थरथरत नाहीत. मी सांगितलं की लेखणी टाक, वही टाक, दोन्ही हात पुढे कर. जोसी हातात आली की दारातून बाहेर. गाडीत बस. पूल येईल तेव्हा तिच्या पायांना हात लावून बघ, ऊबदार असतील. मला हाक मारू नकोस. इथून कुणी ओ दिली तरी थांबू नकोस. ती मी नसेन.

तिला मोठी झाल्यावर सांग, मी इतक्या सहज दिली नाही. दुसऱ्यांदा नाही.

रडू नकोस. पानं ओली होतील.

मदर लिओना, ऐका. मी या घरची. तुमचं ताट मी खाल्लंय, तुमच्या खुर्चीत मी बसलेय. या घराच्या हातानं सांगते, ही पोर आपली नाही. ही हिच्या आईची. तुम्हाला माणूस हवंय ना, मी राहते. मी बोलते पुष्कळ. तुम्हाला कंटाळा यायचा नाही.

व्हर्लीन, आता. लेखणी टाक.

टाकलीस?

मी तोंड फिरवलंय. भिंतीकडे. हात पुढे कर — आणखी पुढे — हां —

घेतलीस. घट्ट धर. किती गार पडलेत गं हात तुझे. जा आता. जा, पोरी, वळू नकोस —

गेलीस?

पाऊल वाजलं नाही. दार —

हे काय कुरकुरतंय. लेखणी? कागदावर. अजून —

व्हर्लीन. तू लिहितेयस?

मग पोर कुणी —